मॉनिटर घेताय? या चुका टाळा

घरच्या कॉम्प्युटरसमोर आपला सगळ्यात जास्त वेळ जातो तो अक्षरं वाचण्यात. मेल, हिशेब, बातम्या, मुलांचा अभ्यास. सिनेमा आणि गेम त्यानंतर. खोक्यावर मात्र ठळक छापलेलं असतं ते सगळं सिनेमा आणि गेमच्या कामाचं. अक्षर कसं दिसेल हे तिथे कुणी लिहीत नाही, आणि घरी आणल्यावरच्या तक्रारी बहुतेक त्याच्याच निघतात.

नुसते इंच बघून मॉनिटर घेणं ही सर्रास होणारी चूक. इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी, बाकी काही नाही. २४ इंची फुल एचडीत १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, असतात, म्हणजे एका इंचात साधारण ९२. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२च्या आसपास उरतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण मराठी वाचायला घ्या. आपली जोडाक्षरं थोड्या उंचीत बरंच काही कोंबतात. बारीक अक्षरांत ‘शुद्ध’मधला द्ध आणि ‘विद्वान’मधला द्व सारखेच दिसायला लागतात, रफार शेजारच्या मात्रेला चिकटतो. म्हणून २७ इंचीच हवा असेल तर २५६० बाय १४४०चा घ्या, तिथे इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. बजेट फुल एचडीपुरतंच असेल तर २४वर थांबा. मोठा आणि तरीही स्वस्त मॉनिटर दिसला की आधी त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे पिक्सेल किती ते, बघा, गोम बहुधा तिथेच असते.

याच्या उलटही होतं. मॉनिटर चांगला आणतात, अक्षरं बारीक वाटतात, आणि कुणीतरी रिझोल्यूशन कमी करून देतं. अक्षरं मोठी होतात खरी, पण सगळं पुसट होतं. जुन्या काचेच्या, पाठीमागे फुगीर असलेल्या मॉनिटरला हे बऱ्यापैकी चालायचं. फ्लॅट पॅनेलमध्ये पिक्सेल जागच्या जागी पक्के असतात, त्यामुळे कमी रिझोल्यूशनचं चित्र ओढून-ताणून बसवावं लागतं. रिझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. एखादं जुनं सॉफ्टवेअर स्केलिंगमध्ये धूसर दिसेल, तेवढं सोसावं लागतं.

आता केबल. नवा मॉनिटर ‘खराब निघाला’ असं ऐकलं की मी आधी मागची वायर बघायला सांगतो. निळ्या टोकाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए केबल जुन्या मॉनिटरची तशीच लावलेली असेल तर अक्षरांच्या कडा थरथरतात किंवा त्यांना सावली येते, कारण ती सिग्नल जुन्या ॲनालॉग पद्धतीने नेते, डिजिटल नाही. मॉनिटरच्या मेनूतल्या ‘ऑटो ॲडजस्ट’ने थोडं सुधारतं. खरा इलाज एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची डिजिटल केबल.

४के (३८४० बाय २१६० पिक्सेलच्या) मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत, ओढत नेल्यासारखा चालत असेल तर सहसा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, ३० हर्ट्झवर अडकलेला असतो. एचडीएमआय १.४ला ४केवर तेवढंच जमतं, ६०साठी २.० लागतं. म्हणून घेण्याआधी आपल्या कॉम्प्युटरच्या पोर्टची आवृत्ती तपासा, नुसती मॉनिटरची नको. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणूनही विंडोज तो ६०वरच चालवत राहतं, हेही नेहमीचंच. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्याच पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नको. ‘नो सिग्नल’ येत असेल तर मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का तेही बघा.

काळा रंग राखाडी आणि सगळं चित्र फिकट दिसतंय? एचडीएमआयवर कधी कधी ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतं आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ० ते २५५ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच छटा पाठवतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ केली की रंग जागेवर येतात. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळे लोक धडधाकट मॉनिटर परत करतात.

पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या प्रकाराच्या, बाबतीत फार डोकं खाजवायची गरज नाही. आयपीएस, व्हीए आणि टीएन हे नेहमीचे प्रकार. घरात दोघं-तिघं बाजूने बघणार असतील, फोटोंचं काम असेल, तर आयपीएस. अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघायचे असतील तर व्हीए, त्याचा काळा जास्त गडद असतो. मात्र गडद भागात काही हललं की मागे डाग ओढला जातो. टीएनमध्ये मान थोडी वरखाली केली तरी रंग बदलतात, साध्या घरगुती कामासाठी तो आता घेऊ नये.

‘१ मिलिसेकंद’च्या रिस्पॉन्स टाइमवर, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेवर, भुलू नका. तो आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला घाईने रंग बदलायला लावणारं सेटिंग) टोकाला नेऊन मिळवलेला असतो, आणि तसं केलं की हलत्या वस्तूंच्या मागे उजळ सावल्या दिसतात. तशा दिसल्या तर मेनूतलं ते सेटिंग एक पायरी खाली आणा. उजळ-गडदमधला फरक सांगणारा कोट्यवधींचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट तर वाचूही नका. ४०० निट्सचा (निट हे उजेडाचं माप) एचडीआर, म्हणजे उजळ-गडद छटा जास्त दाखवणारं तंत्र, हाही माझ्या मते नावापुरताच.

स्टँडकडे मात्र कुणी बघत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, आणि स्वस्त स्टँड फक्त पुढे-मागे कलतं, वर होत नाही. मग खाली पुस्तकांची चळत येते. निदान मागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसा (ठरलेल्या मापाची) भोकं आहेत का बघा, म्हणजे नंतर कधी मॉनिटर धरणारा आर्म बसवता येईल.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पडदाभर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग लावून डेड पिक्सेल, म्हणजे बंद पडलेले ठिपके, शोधा. एखाद-दुसरा पिक्सेल गेला तरी बऱ्याच कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, तेव्हा विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीतच निकाल लावावा लागतो. तोवर खोका आणि आतला थर्माकोल टाकू नका.