जुन्या फ्रेंच इस्टेटींचे डॅगेरोटाइप पाहताना या चुका टाळा

1840 च्या दशकातल्या एखाद्या फ्रेंच इस्टेटीचा डॅगेरोटाइप पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास गोंधळतो, कारण तो त्याला नेहमीचा जुना फोटो समजतो. प्रत्यक्षात ती चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची पाटी असते. घासून आरशासारखी केलेली, आयोडीनची वाफ देऊन प्रकाशाला संवेदनशील केलेली आणि पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवलेली. तिला निगेटिव्ह नसते, दुसरी प्रतही नसते.

उदाहरणाला जोसेफ-फिलिबेर जिरो द प्रांजे यांच्या पाट्या घेऊ. फ्रान्समधल्या लांग्र गावचा हा सधन गृहस्थ इस्लामी वास्तुकलेचा वेडा. 1842 ते 1845 या काळात तो ग्रीस, इजिप्त, सीरिया, जेरुसलेम असा फिरला आणि शेकडो पाट्या घेऊन परतला. कुर्सेल गावाजवळच्या ले त्युएर या आपल्या पौर्वात्य धाटणीच्या व्हिलाची आणि बागेची छायाचित्रंही त्याने काढली. 1892 मध्ये तो वारला. 1920 च्या दशकात इस्टेटीच्या नव्या मालकाला अडगळीत लाकडी पेट्या सापडल्या, तोवर या पाट्यांचा कुणाला पत्ताच नव्हता. आज त्यातल्या बऱ्याच फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डावं-उजवं जसं दिसतं तसं खरं धरणं. पाटीवरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं. भिंगापुढे आरसा किंवा लोलक लावला तर ते सरळ येई, पण मग प्रकाश कमी पडे, म्हणून इमारतींच्या चित्रात तो खटाटोप बरेच जण टाळत. परिणाम पाहा: दक्षिणमुखी घरासमोर उभं राहिलं की पूर्व आपल्या उजव्या हाताला येते, म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून पडतं. उलट्या पाटीत तेच डावीकडून दिसतं आणि आपण बिनधास्त ‘दुपारनंतरचं चित्र’ अशी ओळ लिहून मोकळे होतो. पागा पूर्वेला होती की पश्चिमेला, असले वाद तर विचारूच नका. आधी नकाशा काढा, गावातल्या चर्चची दिशा जुळवा, भिंतीवर अक्षरं असतील तर वाचा. इंटरनेटवरच्या प्रतीत एक खाचखळगा आणखी आहे: काही संस्था चित्र सरळ करून टाकतात, काही टाकत नाहीत. न तपासता पलटवाल तर सरळ झालेलं पुन्हा उलटं कराल.

अंगणात माणूस दिसत नाही म्हणजे वाडा ओसाड होता, हाही घाईचा निष्कर्ष. सुरुवातीला एका चित्राला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालता माळी उमटतच नसे. ही पद्धत शोधणाऱ्या डागेरच्या 1838 च्या पॅरिसमधल्या रस्त्याच्या चित्रात वर्दळ सगळी गायब आहे. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस तेवढा दिसतो. वाऱ्यावर हलणारी झाडं धुरकट येतात आणि हिरवा-लाल रंग काळपट पडतो, कारण पाटीला मुख्यतः निळा प्रकाशच कळतो. आकाश निळसर दिसलं तर ते हाताने रंगवलंय असं मानू नका. जास्त प्रकाश लागलेला भाग आपोआप निळा होतो.

तारखेबाबत थोडक्यात. ही पद्धत 19 ऑगस्ट 1839 रोजी जाहीर झाली, तेव्हा त्याआधीचं साल सांगणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. कोपऱ्यात 40 हा आकडा ठोकलेला असेल तर ते साल नव्हे. चाळीस भागांत एक भाग चांदी, एवढाच त्याचा अर्थ.

चित्र निगेटिव्हसारखं दिसतंय? पाटीत तुमचा पांढरा शर्ट परावर्तित होतोय. समोर काळं कापड धरा, उजेड बाजूने येऊ द्या. फोटो काढायचा असेल तर काळ्या पुठ्ठ्याला भिंगापुरतं भोक पाडून त्यातून काढा. फ्लॅश नको आणि स्कॅनर तर नकोच.

आणि पुसू नका. मऊ सुती कापडानेही नाही. चित्र म्हणजे पृष्ठभागावर बसलेले चांदी-पाऱ्याचे सूक्ष्म कण. 1840 मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने सोन्याचा थर देण्याची रीत काढली, पण ती न केलेल्या पाटीवर बोट फिरलं की चित्र गेलंच. कडेने आत सरकणारा तपकिरी-निळा पट्टा म्हणजे हवेतल्या गंधकाने काळवंडलेली चांदी. चांदीची भांडी उजळणारं पॉलिश इथे चालत नाही. विसाव्या शतकात थायोयुरिया या रसायनाच्या द्रावणाने पाट्या उजळायची टूम निघाली होती, त्यातल्या काहींवर पुढे डाग उमटले. धुकं मात्र कधी कधी पाटीवर नसून वरच्या जुन्या काचेवर असतं. ती बदलायची तर संवर्धकाकडून, आणि बदलताना मागची चौकट, कागद, चिठ्ठी काहीही टाकायचं नाही. जिरोने स्वतः लिहून लावलेल्या चिठ्ठ्या टिकल्या, म्हणून त्याच्या बऱ्याच पाट्यांचं ठिकाण आणि साल आज सांगता येतं.