दोन फॅमिली एसयूव्हींतून एक निवडताना: टेप, घरच्या बॅगा आणि थंड बॉनेट

एकाच वर्गातल्या दोन मध्यम एसयूव्ही कागदावर शेजारी मांडल्या तर फरक शोधून सापडत नाही. लांबी साडेचार मीटरच्या आगेमागे, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६५० ते २७०० मिमी, इंजिनाची ताकद थोडी इकडेतिकडे, दोन्हींत कॅमेरे आणि दोन्हींत भलामोठा स्क्रीन. म्हणून सुरुवात उलटी करा. जे दोन्हींत सारखं आहे त्यावर सरळ काट मारा. पाच-सात मुद्दे उरतील, तेवढ्यांचीच तुलना करायची. त्यातले बरेचसे माहितीपत्रकात नसतातच. ते मागच्या सीटवर, डिकीत आणि रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये सापडतात.

एक पथ्य मात्र पाळा: तुलना मॉडेलची नाही, व्हेरिअंटची, म्हणजे त्याच मॉडेलच्या कमी-जास्त सोयींच्या आवृत्तीची करायची. जाहिरातीत, शोरूममध्ये आणि टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा टॉप मॉडेल असतं. तुम्ही मधलं घेणार असाल तर दोन्हींच्या मधल्या व्हेरिअंटची यादी समोर ठेवा. मागे डिस्क ब्रेक की ड्रम, एअरबॅगा किती, स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, या गोष्टी खाली येता येता गुपचूप गळतात.

मागच्या सीटपासून सुरुवात

घरातला सर्वांत उंच माणूस चालकाच्या सीटवर बसवा, त्याला गाडी चालवायला हवी तशी सीट लावू द्या, आणि मग त्याच्या मागे बसून बघा. पुढची सीट पुढे सरकवून दाखवलेली जागा कुणालाही प्रशस्तच वाटते. गुडघा आणि पुढची पाठ यांच्यात आडवा तळवा मावतो का, हे बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांडीला आधार आहे का. गाडीचा तळ उंच आणि सीट ठेंगणी असली की गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून सुटतात आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. मोठं सनरूफ असेल तर डोक्यावरचे दोन-तीन सेंटिमीटर जातात. उंच माणसांच्या घरात तेच निर्णायक ठरतं.

मागे तिघं बसणार असतील तर खांद्याच्या पातळीला टेप लावा. मोठ्या माणसाला साधारण ४५ सेंमी लागतात, म्हणजे तिघांना १३५. त्याहून कमी असेल तर खांदे तिरके करूनच प्रवास होणार. मधल्या माणसाला स्वतंत्र हेडरेस्ट आणि तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आहे का, आणि पायाशी उंचवटा किती आहे, हेही बघा. चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तिथूनच जात असल्याने तो उंचवटा मोठा असू शकतो.

घरात लहान मूल असेल तर चाइल्ड सीट बरोबर न्या आणि बसवून बघा. ती अडकवायच्या आयसोफिक्सच्या दोन कड्यांमधलं अंतर सगळीकडे २८० मिमीच असतं, पण एका गाडीत त्या उघड्या असतात आणि दुसऱ्या गाडीत गादीच्या फटीत इतक्या खोल की बोटं सोलून निघतात. मागे तोंड करून बसवायची सीट लावली की पुढची सीट किती पुढे ढकलावी लागते ते मोजा. बऱ्याचदा दोन गाड्यांमधला निकाल इथेच लागतो.

सात सीटच्या गाडीत तिसरी रांग उघडून डिकी बघा. बहुतेकदा दोन छोट्या बॅगांपुरतीच जागा उरते. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येते का, हे स्पष्ट विचारा.

डिकीचे लिटर आणि वजनाचा हिशेब

डिकीचा आकडा आंधळेपणाने घेऊ नका. युरोपात तो २०० × १०० × ५० मिमीचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचून काढतात. पण कुणी ते फक्त सामानावरच्या आडव्या झाकणापर्यंत रचतं, कुणी छतापर्यंत, आणि कुणी तळाखालचा कप्पाही त्यात धरतं. त्यामुळे ५५० लिटरची डिकी ५०० वाल्या डिकीपेक्षा प्रत्यक्षात लहान निघू शकते. तुम्हाला लागणारी मापं तीनच: चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी, झाकणाखालची उंची आणि सीट उभी असताना तळाची लांबी. सर्वांत सोपं म्हणजे प्रवासाला नेता त्याच बॅगा घेऊन जा आणि रचून बघा. विक्रेता जरा चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे.

वजनाकडे फारसं कुणी बघत नाही. भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो भार. समजा एक गाडी २१५० उणे १६५०, म्हणजे ५०० किलो, आणि दुसरी २१५० उणे १७३०, म्हणजे ४२०. सत्तर किलोची पाच माणसं बसली की ३५० गेले. पहिलीत सामानाला १५० उरले, दुसरीत फक्त ७०. चारचाकी ड्राइव्ह, हायब्रिड बॅटरी आणि काचेचं छत हे सगळं याच भारातून वजा होतं. युरोपीय आकड्यांत रिकाम्या गाडीच्या वजनातच ७५ किलोचा चालक धरलेला असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते बघून घ्या. ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतल्या अंतराचंही असंच. रिकामी असताना मोजलेले २०० मिमी भरलेल्या गाडीला राहत नाहीत.

टायर, म्हणजे अर्धा आराम

टायरवर २३५/६० आर१८ लिहिलेलं असेल तर रबराच्या भिंतीची उंची २३५ च्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिमी. त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला २३५/५० आर२० असेल तर ती ११७.५ मिमीवर येते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो. रबर कमी होतं आणि धातू वाढतो. खड्ड्याचा दणका आधी रबर पितं, त्यामुळे २० इंची चाकावर गाडी कडक लागते आणि रिम वाकण्याची शक्यता वाढते. म्हणजेच टेस्ट ड्राइव्हला २० इंची आणि घरी येणार १८ इंची असेल, तर राइडबद्दलचं तुमचं मत दुसऱ्याच गाडीबद्दलचं झालं. दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे हवा आहे का, तेही तपासून घ्या. वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा कमी करायची राहून गेली, की चांगलं सस्पेन्शनही हाडं खिळखिळी करतं.

टेस्ट ड्राइव्ह

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, घरची माणसं बसवून चालवा. मध्ये आठवडा गेला की तुलना आठवणींची होते. किमान अर्धा तास मागा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर इंजिन आधीच चालवून ठेवलंय. थंड इंजिनाचा खडखडाट आणि पहिल्या मिनिटातली थरथर तुम्हाला कळणार नाही.

सुसाट रस्त्यावर दोन्ही गाड्या छानच वाटतात, म्हणून बहुतेक वेळ हळू चालवा. पायी चालण्याच्या वेगाने दहा मिनिटं थांबत-सरकत जा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तिन्ही प्रकारांचा स्वभाव इथे दिसतो. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा) गिअरबॉक्स असेल तर इथे हिसके कळतात. त्यात क्लच अर्धवट धरून गाडी सरकवली जाते, आणि चढावरच्या कोंडीत तो तापतो. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या गिअरबॉक्समध्ये, हिसका नसतो, पण पेडल दाबलं की आधी आवाज चढतो आणि वेग मागून येतो. क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर तिन्हींत निवांत. हायब्रिडमध्ये अगदी थांबताना ब्रेकवर लक्ष ठेवा. विजेच्या मोटरचं ब्रेकिंग संपून ब्रेकचे पॅड धरतात त्या क्षणी काही गाड्या मान हलवतात.

मग चढावर थांबून पुन्हा निघा. त्याच चढावर रिव्हर्समध्ये मागे घ्या. खराब रस्त्यावर ताशी २५-३० किमीने जा, आणि या वेळी तुम्ही मागे बसा. पूर्ण भरलेल्या गाडीला ६० वरून १०० वर यायला किती वेळ लागतो ते मोजा, कारण ओव्हरटेकला कामाला येतो तो हा आकडा, शून्य ते शंभरचा नाही.

स्क्रीनबद्दल एकच परीक्षा: गाडी चालू असताना एसीचा पंखा कमी करा. १०० च्या वेगात गाडी दोन सेकंदांत ५५ मीटर जाते. तेवढं अंतर डोळे मेनूत असणार असतील, तर बटणवाली गाडी बरी.

तारे, मायलेज, सुटे भाग

क्रॅश टेस्टच्या ताऱ्यांशेजारी वर्ष लिहा. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच सारखे नाहीत. कुटुंबाच्या गाडीत मागच्या सीटचे गुण वेगळे काढून बघा. अमेरिकेतल्या आयआयएचएस या वाहन-सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये समोरच्या धडकेच्या चाचणीत मागच्या सीटवर पुतळा बसवला, तेव्हा पहिल्या फेरीतल्या १५ छोट्या एसयूव्हींपैकी फक्त दोघींना ‘चांगली’ श्रेणी मिळाली. पुढच्यांना वाचवणारी गाडी मागच्यांना तितकंच वाचवते असं नाही.

मायलेजचे आकडे एकाच चाचणीचे हवेत. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या चाचणीचं चक्र ३० मिनिटांचं आणि सुमारे २३ किमीचं, तर जुनं एनईडीसी २० मिनिटांचं आणि ११ किमीचं, फार सौम्य. दोन्ही शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय फरक लिटरमध्ये मोजा. वर्षाला १२,००० किमी धरले तर १४ आणि १६ च्या मायलेजमध्ये साधारण १०७ लिटरचा फरक पडतो. तेवढ्या इंधनासाठी जास्त किमतीचं इंजिन किती वर्षांत वसूल होतं, हे पाच मिनिटांचं गणित आहे.

इंजिन वापरावर ठरवा. रोज पाच-सात किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर डिझेलच्या नादी लागू नका. काजळीची जाळी स्वच्छ व्हायला इंजिन बराच वेळ गरम चालावं लागतं, नाहीतर ती तुंबते. हायब्रिडचा फायदा शहरात, एकसारख्या वेगाच्या हायवेवर तो बराच कमी होतो.

विक्रेत्याला नाही, सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन दोन्हींच्या चार किमती विचारा: एक एलईडी हेडलॅम्प, पुढची काच, पुढचा बंपर आणि मूळ मापाचा एक टायर. काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो नव्याने जुळवावा लागतो, त्याचा खर्च वेगळा विचारा. इतकं करूनही दोन्ही गाड्या बरोबरीत राहिल्या तर या चारांची बेरीज जिची कमी ती घ्या. पैसे भरण्याआधी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. तो फार जुना निघाला तर ही गाडी विक्रेत्याच्या अंगणात बरेच महिने उभी होती का, हे तिथेच विचारा.