पुस्तकाच्या प्रमोशनला लागण्याआधी प्रकाशकाशी केलेल्या करारातलं एक कलम वाचा

पहिल्या पुस्तकाचा करार अजून माझ्या कपाटात आहे आणि आजही तो हातात घेतला की पोटात खड्डा पडतो, म्हणून आधी तेच सांगते, लिखाणाचं नंतर बोलू.

कव्हर, ब्लर्ब म्हणजे मागच्या कव्हरवरचा मजकूर, रील, रिव्ह्यू कॉपी हे सगळं तुम्हाला माहीतच असणार. मी दोन वर्षं दुसरं काही केलंच नाही. रोज पोस्ट, एकेका वाचकाला मेसेज, जाहिरातीचा खर्च पदरचा. पुस्तक हळूहळू चालायला लागलं आणि एक दिवस विचारणा आली की याचं ऑडिओबुक करूया का. मी लगेच हो म्हटलं, करार काढून बसले, तर ऑडिओचे हक्क माझ्याकडे नव्हतेच. ईबुकचे नाहीत, अनुवादाचेही नाहीत. प्रकाशक स्वतः ऑडिओ काढणार नव्हते आणि मलाही काढू देणार नव्हते.

मी अडकले ते कॉपीराइटच्या पानामुळे. पुस्तकात तिथे माझं नाव छापलेलं होतं, त्यामुळे सगळं आपलंच आहे असं मी धरून चालले. आता नीट लक्ष द्या कारण हेच बहुतेकांना कळत नाही. कॉपीराइट तुम्ही लिहिल्याबरोबर तुमचा होतो, नोंदणीची अट नसते, 1886 च्या बर्न कराराला, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराला, मान्यता देणाऱ्या देशांमध्ये तर हेच तत्त्व चालतं. पण कॉपीराइट तुमच्याकडे राहूनही तो वापरायची परवानगी तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकू शकता, आणि त्या परवानगीपुढे 'अनन्य' किंवा 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द असला की मग तुम्हाला स्वतःलाही ती वापरता येत नाही. म्हणजे घर तुमच्या नावावर, पण किल्ली दुसऱ्याकडे. माझ्या करारात 'सर्व स्वरूपांतील' असे दोन शब्द होते, बस. छापील, ईबुक, ऑडिओ, अनुवाद, नाट्य-चित्रपट रूपांतर, सगळं त्या दोन शब्दांत गेलं.

पुढचं कलम त्याहून वाईट. पुस्तक 'उपलब्ध असेपर्यंत' हक्क प्रकाशकाकडे. पूर्वी याला अर्थ होता, आवृत्ती संपली, पुन्हा छापली नाही, की हक्क परत मागता यायचे. आता प्रिंट ऑन डिमांड आहे, ऑर्डर आली की एक प्रत छापतात, आणि ईबुकचा तर साठा संपतच नाही. म्हणजे वर्षभरात एकही प्रत खपली नाही तरी पुस्तक कागदोपत्री उपलब्धच! म्हणून 'उपलब्ध' या शब्दावर समाधान मानू नका, आकडा मागा. सलग दोन वर्षं अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर लेखी मागणीनंतर हक्क लेखकाकडे परत, असं वाक्य घालून घ्या. कराराची मुदतही वर्षांत लिहून घ्या. आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, छापील किमतीवर आहे की कमिशन वजा जाऊन प्रकाशकाच्या हातात पडणाऱ्या रकमेवर, हे विचारा, टक्का तोच दिसतो पण पैसे निम्मेसुद्धा होऊ शकतात.

घाबरू नका, हे सगळं मागता येतं. दुसऱ्या पुस्तकाला मी ऑडिओ आणि अनुवाद वगळा म्हणून दोन ओळींचा मेल टाकला, हात थरथरत होते, आणि समोरून एका दिवसात हो आलं. मागितल्यामुळे पुस्तक नाकारलं जाईल ही भीती मला पहिल्या वेळी होती, म्हणून मी विचारलंच नाही.

स्वतः प्रकाशित करणाऱ्यांनीही सुटलो समजू नये. अॅमेझॉनच्या किंडलवर केडीपी सिलेक्ट या, ईबुक फक्त तिथेच ठेवायच्या योजनेच्या चौकटीत टिक केलं की 90 दिवस ते ईबुक दुसऱ्या स्टोअरवर विकता येत नाही, अगदी स्वतःच्या साइटवरसुद्धा नाही, आणि मुदत संपली की ते आपोआप रिन्यू होतं. छापील पुस्तकाला ही अट नाही. वाईट योजना आहे असं नाही, पण माहीत असून टिक करा.

आता लिखाण. प्रमोशन वाचकाला फक्त पहिल्या पानापर्यंत आणतं, ईबुकचा नमुना म्हणून तो सुरुवातीचा तुकडाच वाचतो आणि तिथेच ठरवतो. माझ्या पहिल्या प्रकरणात नुसती पार्श्वभूमी होती, गोष्ट तिसऱ्या प्रकरणात सुरू व्हायची. दुसऱ्या पुस्तकाचा मसुदा मी सहा आठवडे उघडला नाही, मग मोठ्याने वाचला, आणि जिथे जिथे माझाच आवाज कंटाळला तिथे खूण केली. पहिली दोन प्रकरणं काढून टाकली. रडू आलं पण पुस्तक उभं राहिलं. रील बनवायचे तास आधी इथे घाला, हे माझं ठाम मत आहे.

रिव्ह्यूची अदलाबदल करू नका, तू माझ्यावर लिही मी तुझ्यावर लिहिते हे अॅमेझॉनच्या नियमात बसत नाही, रिव्ह्यू उडतात आणि खातंही धोक्यात येतं. बेस्टसेलरची हमी देऊन फी घेणाऱ्या मेंटरपासून तर लांबच राहा. मेंटर पारखायचा असेल तर त्याला तुमचं एक पान द्या, खुणा करून परत देतो का बघा. नुसती प्रेरणा देत असेल तर सोडून द्या. फॉलोअर कितीही असोत, वाचकांचे ईमेल त्यांच्या परवानगीने जमवा, अॅप बंद पडलं तरी ती यादी तुमच्याकडे राहते. माझी यादी 43 जणांपासून सुरू झाली, आणि तेव्हा ती फारच छोटी वाटायची, पण दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या ऑर्डरी तिथूनच आल्या.

ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी आज एवढं करा. करार काढा, स्वरूप, मुदत आणि हक्क परतीचं कलम यांवर पेन्सिलने रेघ मारा. मग प्रकाशकाला मेल लिहा, भांडणाचा सूर नको, 'जे हक्क तुम्ही वापरत नाही ते परत द्या' एवढंच, प्रत्येक हक्काचं नाव वेगळं घालून, उत्तरासाठी तारीख टाकून. मला तीन मेल करावे लागले, ऑडिओ परत मिळाला, अनुवादाचं अजून चालू आहे.