उभ्या गाडीत इंजिन तापत असेल तर आधी पंखा तपासा

घाटातील कोंडीत गाडी उभी असताना तापमानाचा काटा वर सरकतो आणि रस्ता मोकळा होताच खाली येतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नसून हवेचा असतो. कूलंट फिरवणारा वॉटर पंप बहुतेक गाड्यांत इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे उभ्या गाडीत, सुमारे ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्यांवर), कूलंटचा प्रवाह मंदावतो, पण थांबत नाही. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) बंद राहतो आणि कूलंट इंजिनातच व हीटरच्या नळ्यांतून फिरते. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला त्यातील मेण वितळून झडप उघडते, तेव्हाच ते रेडिएटरकडे, म्हणजे कूलंट थंड करणाऱ्या जाळीकडे, जाते. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत मात्र सारी भिस्त पंख्यावर असते.

म्हणून इंजिन चालू ठेवून, एसी बंद करून, काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर जाईपर्यंत पंखा सुरू होतो का ते पाहावे. विजेवरचा पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा हात दूरच ठेवावेत. तो फिरलाच नाही, तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) आणि तापमानाचा सेन्सर तपासून घ्यावेत.

उलट, वेगात चालवतानाच गाडी तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांचा संशय घ्यावा. कोंडीतच काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने लावावा. उकाड्यात हे जिवावर येते, पण इंजिनातील बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.