देशाची कुंडली कशी मांडावी : मॉरिशस घेऊन पाहू

एखाद्या देशाची माहिती काढायला बसलं, की आपण आधी राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या उतरवून घेतो. ते पाच मिनिटांचं काम. खरी मेख पुढे असते.

१. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘माल’, उजवीकडे ‘पैसा’. राजकारणासाठी वर जागा ठेवा. मॉरिशसच्या बाबतीत तर ही रेघ हवीच. का, ते शेवटी कळेल.

२. राजकारणाच्या रकान्यात ‘संसदीय लोकशाही’ एवढंच लिहून उठू नका, जागा मोजा. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, १२ मार्च १९९२ ला प्रजासत्ताक. राष्ट्रपती नामधारी, कारभार पंतप्रधानांकडे. २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि रॉड्रिग्ज बेटाचे २, असे ६२ जण निवडून येतात. वर हरलेल्यांतून जास्तीत जास्त ८ जणांना आत घेता येतं. त्यांना ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. वेगवेगळ्या समाजांचा तोल राखण्याची ही सोय. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा नेल्या! विरोधी बाकांवर कोण बसणार, हा प्रश्न अशा वेळी कागदावर लिहून ठेवावा.

३. अर्थव्यवस्था थोडक्यात : आधी ऊस, मग तयार कपडे, पर्यटन, आणि आता वित्तसेवाही. दोन ठिकाणी मात्र जपा. तिथलं चलनही रुपयाच, पण आपला नव्हे. मी एकदा अख्खा अर्थसंकल्प भारतीय रुपयांत वाचून मोकळा झालो होतो. आणि त्यांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून.

४. आता डावी बाजू. आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर देशवार आयात-निर्यात मिळते. देश निवडा, वर्ष निवडा. २०२२-२३ मध्ये आपली निर्यात सुमारे ४६ कोटी डॉलर, तिकडून आयात सुमारे ९ कोटी. इथे न थांबता मालाचे दोन अंकी कोड उघडा. २७ म्हणजे खनिज इंधन, ३० म्हणजे औषधं, १० म्हणजे धान्य. २७ ची ओळ बाजूला काढून उरलेली बेरीज पुन्हा करा. बरीच वर्षं मंगळूरच्या रिफायनरीतून तिथे पेट्रोल-डिझेल जायचं; त्या एका कराराने आकडा फुगायचा. तेल वगळलं की व्यापाराचा खरा चेहरा दिसतो.

आपली निर्यात आणि त्यांची आयात जुळली नाही तर घाबरू नका. आपण निर्यात जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीने मोजतो, घेणारा देश त्यात भाडं आणि विमा धरतो.

५. करार वाचा. भारत-मॉरिशस व्यापक आर्थिक सहकार्य व भागीदारी करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा असा हा पहिलाच. भारताच्या ३१० आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना त्यात सवलत आहे. पण राजकीय जवळीक करारापेक्षा अडचणीच्या वेळी जास्त दिसते. २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा मॉरिशससाठी १४,००० टनांची वाट मोकळी ठेवली. वस्तूंच्या यादीपेक्षा मला ही एक अधिसूचना जास्त बोलकी वाटते.

६. उजवी बाजू उघडली की डोळे विस्फारतात. माल एवढासा, पण एप्रिल २००० पासून भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा साधारण चौथा हिस्सा मॉरिशसमार्गे! साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या बेटाकडे एवढा पैसा कुठला? पैसा जगभरचा, वाट तिथली. १९८२ च्या करकरारामुळे तिथल्या कंपनीला भारतातले शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथे कर लागत नसे. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर कर सुरू झाला. म्हणून या रकान्यात नुसती एकूण बेरीज लिहू नका, वर्षवार आकडे मांडा. २०१८-१९ च्या ओळीत सिंगापूर मॉरिशसच्या पुढे गेलेलं दिसेल.