अंदमानला आजीला नेताय? दिवस कोल्हापूरच्या घड्याळावर लावू नका

आमच्या आजीला सेल्युलर जेल बघायचंच होतं, म्हणून डिसेंबरात कोल्हापूरहून सगळी फॅमिली पोर्ट ब्लेअरला गेलो (आता श्री विजयपुरम म्हणतात), आणि पहिल्याच दिवशी गंडलो. घड्याळ तेच आहे हो, पण सूर्य आपल्यापेक्षा जवळपास सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो पण, म्हणजे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. आपण रंकाळ्यावर फिरायला निघतो त्या टायमाला तिथं अंधार पडाय लागलेला. म्हातारं माणूस सोबत असेल तर सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी जेवण आणि झोप. आजी तशीही पाचला उठून बसते, त्रास आपल्यालाच होतो.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. गुडघ्याचा त्रास असेल तर खालूनच फिरवा आणि वरचे फोटो दाखवा, आमच्या आजीनं ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी, दर पाच पायऱ्यांना थांबत चढलीच.

बोटीत मधोमध आणि खालच्या डेकवर बसवा, तिथं हेलकावे कमी लागतात. उलटीच्या गोळीनं झोप येते, तोल जातो, त्यामुळं बीपीची औषधं चालू असतील तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. आणि बोटीत चढताना दोघांनी धरा, एकानं वरून, एकानं मागनं, जेट्टी आणि बोट कधीच एका लेव्हलला नसतात.