विसार देण्याआधी: उतारा, उतारा आणि उतारा

राहता फ्लॅट मालकाकडून विकत घेताना आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं हे कुणी सांगायला नको. पाणी, पार्किंग, लिफ्ट तुम्ही बघालच. मीही बघितलं होतं, पाण्याचा दाब तर तीनदा. बघितला नाही तो इमारतीखालच्या जमिनीचा पूर्ण उतारा, आणि विसाराचे, म्हणजे व्यवहार ठरताना आगाऊ दिलेले, दोन लाख सात महिने अडकले.

म्हणून पहिलं काम हेच. सेक्रेटरीकडून सर्व्हे नंबर घ्या आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा उघडा. वर ‘भूधारणा पद्धती’ लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग-१, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणारी जमीन, असेल तर पुढे जा. वर्ग-२ दिसलं तर चेकबुक खिशात ठेवा. सरकारने अटींवर दिलेली जमीन, कुळकायद्याची, काही इनामाची, अशा जमिनी यात येतात. सरकारी जमिनीवरच्या सोसायटीत नुसता फ्लॅट हस्तांतरित करायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि वर शुल्क भरावं लागतं. परवानगीशिवाय व्यवहार केला तर शर्तभंग. शहरात सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड असेल, तिथे सत्ताप्रकाराचा रकाना वाचा.

मी एजंटला विचारलं होतं, “भोगवटा आहे ना?” “आहे की साहेब,” म्हणत त्याने महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र पुढे सरकवलं. खरंखुरं, शिक्क्यासकट. मी खूश. पण ते इमारतीचं, मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि राहायला हरकत नाही, एवढंच सांगणारं. भोगवटादार वर्ग हा जमिनीचा. दोन महिन्यांनी वकिलांनी सातबाऱ्याच्या त्या एका ओळीवर बोट ठेवलं तेव्हा विकणाऱ्या काकांचाही चेहरा उतरला. वीस वर्षं राहूनही त्यांना पत्ता नव्हता. तेव्हा उतारा स्वतः काढा.

पुढचं. सोसायटीत आपल्याला मिळतं ते सभासदत्व, शेअर सर्टिफिकेट आणि फ्लॅटचा हक्क. जमीन संस्थेची, तीही कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून देणं, झालं असेल तरच. १९६३च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याने ते बिल्डरवर बंधनकारक आहे, तरी कितीतरी जुन्या इमारतींखालची जमीन अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर आहे. मग पुनर्विकासाची वेळ आली की मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने दिली नाही तरी जमीन संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे खेटे. हेही उताऱ्यावरच कळतं, मालकाचं नाव वाचा की! इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेली असेल तर प्रकार वेगळा: १९७०च्या कायद्याखाली डीड ऑफ अपार्टमेंट तुमच्या नावाने होतं आणि जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. तिथे शेअर सर्टिफिकेट मागत बसू नका, ते नसतंच. मी मागितलं होतं एकदा, हसले लोक.

नवी मुंबईत सिडकोची जमीन बहुतेक ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. किती वर्षं उरली आणि हस्तांतरणाचं शुल्क कोण भरणार, हे विसारपावतीतच लिहून घ्या, तोंडी नको. म्हाडाचं सोडतीतलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही; कुणी ‘मुखत्यारपत्रावर करू’ म्हणालं तर नमस्कार करून निघा. गिरगाव-दादरकडची पागडी म्हणजे भाडेकरूचा हक्क. किंमत कितीही मोठी सांगोत, मालकी नाही, आणि कर्जाला बँका सहसा तयार होत नाहीत.

नावांचं थोडक्यात. दोघांच्या नावावर घेत असाल तर कुणाचा हिस्सा किती ते करारात लिहा. मुद्रांक शुल्कातली १ टक्का सवलत खरेदीदार फक्त महिला असतील तरच, नवऱ्याचं नाव घातलं की गेली. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. विकणाऱ्याला घर नॉमिनी म्हणून मिळालं असेल तर बाकीच्या वारसांच्या सह्या घ्या.

उरलं काय, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या जुन्या नोंदींची तपासणी), आधीच्या खरेदीचं इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा), सोसायटीचा ना-हरकत दाखला, थकबाकी नसल्याची पत्रं. वकील सांगतीलच. आणि उतारा काढलात का? आजच्या तारखेचा. एजंटने व्हॉट्सॲपवर टाकलेला अर्धा कापलेला फोटो चालणार नाही, माझ्याकडे तोच होता, आणि कापलेल्या भागातच ती ओळ होती.